एक सूत

कोर्टाच्या कंपाउंडात चिंचेखाली टेबल टाकून
अर्ज लिहून देणारे चिदंबर हुद्दार
एका शनिवारी उद्यमबागेत माझ्या शेडवर आले,
रुमालात गुंडाळलेलं पेन घेऊन.
काळं, जाडसर, पितळी क्लिपचं.
'ह्याची रिफिल बंद झाली म्हणे.
सगळी गणपत गल्ली पालथी घातली.
तू टर्नर आहेस की. मग असं पेन कर
ज्यात कुठलीबी बसंल.'

मी म्हटलं, सोपं आहे.

खडेबाजारातनं अकरा रिफिली आणल्या.
हुबळीच्या व्यापाऱ्याची जाड, धातूची, खांद्याशी फुगीर.
कोल्हापूरहून येणारी बारीक, प्लास्टिकची,
तिच्यापेक्षा बरोबर एक सूत लांब.
जेलची वेगळीच, पोट आरपार दिसणारं.
एक निपाणीच्या दुकानात धूळ खात सापडली,
तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं.
व्हर्नियर लावून एकेकीचं माप
डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर मांडलं.
चलन कन्नडात छापलेलं, आकडे माझे मराठी,
कागद बल्बपुढं धरला की
आठाच्या पोटात एखादं गोल अक्षर येऊन बसायचं
आणि माप चुकायचं.

लांबीचं काही नाही.
मागं आट्यांचं बूच ठेवलं, फिरवलं की सरकतं,
आखुडीला ढकलतं, लांबडीला जागा सोडतं.
खरा घोळ टोकाशी.
भोक मोठं ठेवलं की बारीक रिफिल खुळखुळते,
लहान ठेवलं की जाडी आतच अडते,
पाळण्यात पाय न मावणाऱ्या पोरासारखी.
मग पितळेची चिमटी केली, तीन चिरा पाडून,
पुढचा भाग आवळला की मिटणारी.
पहिली मोडली.
दुसरी मोडली.
तिसरी धरायची, पण अशी
की रिफिल बदलायला पक्कड लागायची.

शहापूरच्या शाळेत मास्तर असलेला माझा मेव्हणा
चहा पिता पिता म्हणाला, 'भारी प्रतीक आहे रे हे.
एकच अंग, आत शाई कुठलीही. आपलंच की.'
मी म्हटलं, प्रतीकाला आटे पाडता येत नाहीत, भावजी.
हे भोक अडीच मिलिमीटर आहे,
तेवढं धरा जरा, मला दिवा हलवायचाय.

दुसरी पाळी सुटायची, फाउंड्रीचा धूर खाली बसायचा,
पलीकडच्या लेथवरचा बसलिंग हात पुसत विचारायचा,
'एन माडाकत्ती?'
'पेन करूलालोय.'
'पाच रुपयाला मिळतंय की.'
तरी स्प्रिंगेची तार त्यानंच आणून दिली,
कुठल्यातरी भंगार व्हॉल्व्हमधली, केसाएवढी.
कुठून, ते विचारू नको म्हणाला.
सातवी चिमटी त्या तारेवर बसली.

हुद्दारांनी सगळ्या रिफिली टेबलावर ओळीनं ठेवल्या,
चष्मा कपाळावर, एकेक घालून
जुन्या स्टॅम्पपेपरच्या मागं रेघा ओढल्या.
दहा बसल्या.
निपाणीची बसली नाही.
तिला त्यांनी वरच्या खिशात टाकलं,
म्हणाले, 'हिच्यासाठी परत येईन.'

पैसे मी घेतले नाहीत.
ते म्हणाले, मग तुझं काही अडलंय का कुठं?
मीटरचं अडलं होतं, चौदा महिने.
त्यांनी तिथंच अर्ज लिहायला घेतला, कन्नडातून,
न थांबता, कडेला बोटभर समास सोडून.
मला त्यातलं माझं नाव तेवढं ओळखू आलं
आणि शेडचा नंबर.
बाकी मी ऐकत होतो:
प्रत्येक ओळ संपली, हात उचलला,
की आत कुठंतरी टक.

सही करायला पेन माझ्याकडं आलं.
मी नाव लिहिलं, आणि परत एकदा लिहिलं, उगाच,
खाली रिकाम्या जागेत.
हुद्दार म्हणाले, 'एक पुरे.'
चिमटीत दोन थाऊ जास्त राहिले होते.